पुडिंग ‘सेट’ होतं, म्हणजे मराठीत काय होतं?

शेंगापोळी
संक्रांतीला गड्ड्यासाठी, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, आमच्याकडे सगळे जमतात. दोन्ही दीर, त्यांची मुलं, आत्या, मावससासूबाई, मिळून वीस-बावीस पानं होतात. अमेरिकेतल्या नणंदेला यंदा यायला जमलं नाही, म्हणून तिनं तिच्या हातच्या केळ्याच्या क्रीम पायची (भाजलेल्या पारीत पुडिंग भरलेला गोड पदार्थ) कृती पाठवली आणि ‘आईला करायला सांग, म्हणजे मी तिथं आल्यासारखंच’ असं कळवलं. कृती इंग्रजीत होती. सासूबाईंसाठी मी ती मराठीत उतरवून कागद फ्रीजच्या दाराला लावला आणि कामावर गेले.

त्यात एक ओळ होती, ‘मिश्रण पारीत ओतून चार तास गोठवा.’ सासूबाईंनी अक्षरशः तेच केलं. पाय फ्रीजरमध्ये गेला. संध्याकाळी बाहेर काढला तेव्हा दिसायला सुरेख होता. सासूबाईंनी कडेला करंजीसारखी मुरड घातली होती, एकसारखी, नणंदेच्या फोटोतल्यापेक्षा देखणी. तासाभरात कडेनं पाणी सुटलं. सुरी घातली तर आतलं पुडिंग भिजलेल्या स्पंजासारखं निघालं आणि खालची पारी लगदा झालेली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘तूच लिहिलंयस, गोठवा म्हणून.’ त्या दिवसापासून तो शब्द मला टोचतोय.

दुसरा गोंधळ सायीचा झाला. कागदावर एकीकडे होतं ‘गार होताना वर साय धरू देऊ नका’ आणि चार ओळी खाली ‘वरून साय फेटून घाला’. त्यांनी मला फोन करून विचारलं, ‘साय पाहिजे का नको, एकदा सांग.’

रविवारी परत करायचाय. मूळ कृतीतल्या ‘सेट होऊ द्या’ याला नेमकं क्रियापद कोणतं?

कोशप्रेमी
थिजणे. तूप थिजतं, खोबरेल थिजतं. गारव्यानं पातळाचं घट्ट होतं ते थिजणं. पाण्याचा बर्फ होतो ते गोठणं, रक्ताचं साकळणं. एवढे शब्द असताना ‘सेट’ लिहायची वेळ का यावी? तुमची चूक ‘सेट’ टाळल्यामुळे झाली नाही, जवळचा शब्द सोडून लांबचा घेतल्यामुळे झाली.

हुग्गी
थिजलेलं पुडिंग मी तरी खाणार नाही. थिजलेला म्हटलं की ताटात राहिलेला रस्सा आणि त्यावरचा पांढरा थर डोळ्यासमोर येतो. शब्दाला चव असते, काका. आमच्या घरी खीर ‘आळते’. गव्हाची हुग्गी दुपारी पळीवरून ओघळते, रात्री त्याच पातेल्यात पळी उभी राहते. आजी म्हणायची, ‘आळली बघ, आता दूध घाल.’ इथंही दुधात पिठूळ वस्तू शिजून घट्ट होते. मग पुडिंग का आळू नये?

कोशप्रेमी
आळतंच, पण पातेल्यात, आचेवर. ताईंना त्याच्या पुढची अवस्था विचारायची आहे. हुग्गी कितीही आळली तरी वाढायला पळीच लागते. पायचा काप उभा राहायला हवा. आळलेल्या वस्तूचा काप पडत नाही.

गोठाघर
आमच्याकडं म्हशी आहेत, म्हणून सांगतो. खरवस ‘धरतो’. चीक, दूध, गूळ, वेलदोडा डब्यात घालून वाफेवर ठेवायचा आणि सुरीचं टोक घालून बघायचं, धरला का. टोक कोरडं आलं की धरला. शेजारचे कानडी लोक त्याला गिण्ण म्हणतात, दर वेताला त्यांच्याकडं एक वाटी जातेच.

नीट बघितलं तर दही लागतं, खरवस धरतो, बासुंदी आटते, वडी पडते, तूप थिजतं, पाक येतो. आपल्या बायकांनी प्रत्येकाला वेगळं क्रियापद ठेवलंय, कारण प्रत्येक ठिकाणी घट्टपणा वेगळ्या रस्त्यानं येतो. इंग्रजीत या बहुतेकांना एकच ‘सेट’ चालतं. म्हणून त्या एका शब्दाला आपला एक शब्द सापडणार नाही. आधी पुडिंग कशानं घट्ट होतं ते विचारा, मग क्रियापद निवडा.

रसायन
गोठाघर यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. खरवसात चिकातली प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात, तो गरम असतानाच धरलेला असतो. क्रीम पायच्या पुडिंगमध्ये मुख्य काम कॉर्नफ्लॉरचं. त्याचे कण उकळत्या दुधात पाणी पिऊन फुगतात, त्यातलं स्टार्च बाहेर येतं आणि गार होताना त्याची जाळी बनते. दूध त्या जाळीत अडकून राहतं. फ्रीजरमध्ये पाण्याचे स्फटिक होऊन जाळी आवळली जाते, परत वितळलं की ते पाणी आत मावत नाही. ताईंच्या पायला पाणी सुटलं ते त्यामुळे. शिजवण्यात सासूबाईंची काही चूक नव्हती.

रविवारसाठी दोन गोष्टी कागदावर नक्की लिहा. अंड्याचा बलक घालणार असाल तर मिश्रणाला चांगले बुडबुडे फुटल्यावरही मिनिटभर ढवळत शिजवा. बलकात स्टार्च फोडणारं विकर (एन्झाइम) असतं. ते उष्णतेनं निकामी झालं नाही तर रात्री घट्ट दिसणारं पुडिंग सकाळी पातळ होतं. आणि एकदा गार झाल्यावर चमचा घालायचा नाही, जाळी मोडते ती परत तशी होत नाही.

हुग्गी
आमच्यात अंडं चालत नाही. कस्टर्ड पावडरचं करतो, त्याला हा बलकाचा त्रास नाही.

रसायन
नसतोच. ती पावडरच मुळात अंड्याशिवायच्या कस्टर्डसाठी निघाली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानं १८३७ मध्ये बायकोला अंडं सोसत नाही म्हणून कॉर्नफ्लॉरचं कस्टर्ड केलं. आज आपण ज्याला कस्टर्ड म्हणतो ते बहुतेक त्याच्याच वंशातलं, रंग आणि व्हॅनिलाचा वास घातलेलं कॉर्नफ्लॉर.

पूर्वभाग
सायीबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्या चाळीत एकाच पातेल्यावरच्या थराला चार नावं होती. आम्ही घरात तेलुगूत मीगड म्हणायचो, वरच्या मजल्यावरचे कानडी कुटुंब केने, मागच्या खोलीतल्या चाची मलाई आणि मराठी बाई साय. माझी आई यंत्रमागाच्या पाळीवरून आली की वाटीत मीगड आणि साखर घालून आम्हाला द्यायची. मीगडमधला ‘मी’ म्हणजे वरचा असं मला वाटतं. उर्दूत मलाईला बालाई म्हणतात, त्यातही ‘बाला’ म्हणजे वरचा. दोन्ही भाषांना दुधात आधी दिसली ती जागा, हे मला फार आवडतं.

मूळ मुद्दा असा की साय आणि क्रीम एक नाही. साय दूध तापवून गार केल्यावर धरते, तिच्यात लोण्याबरोबर दुधातली घट्ट झालेली प्रथिनंही असतात. क्रीम दुधातून फिरवून वेगळं काढतात. घरची साय फेटली तर गुठळ्या राहतात आणि जोर लावला तर लोणी निघतं.

शेंगापोळी
हेच झालं. सासूबाईंनी साय रवीनं घुसळली, लोणी आलं. त्यांनी ते कढवून तूप केलं, वाया काही गेलं नाही, पण पायवर घालायला काही उरलं नाही. मी ‘फेटून’ लिहिलं होतं. त्यांच्या हाताला सायीबरोबर रवीच येते.

नवीपेठ
ताई, दुकानात साधं फ्रेश क्रीम आणू नका. त्यात २५ टक्के स्निग्धांश असतो, ते फुलत नाही. ३० टक्क्यांच्या वरचं, फेटायचं म्हणून मिळतं ते आणा. भांडंही गार करून घ्या. आणि कृतीत सरळ ‘क्रीम’ लिहा. वरचा नको असलेला थर तो ‘साय’, वर घालायचं ते ‘क्रीम’. सासूबाईंचा प्रश्न तिथंच मिटतो.

मराठीच
साय हा इतका गोड शब्द आहे की आपण नातवंडांना दुधावरची साय म्हणतो, आणि तोच शब्द कृतीत नकोशा थरासाठी ठेवायचा? मला हे पटत नाही. नको असलेल्या थराला पापुद्रा म्हणा, हव्या त्याला साय. दर वेळी मराठी शब्दानंच का मागं सरायचं?

नवीपेठ
पापुद्रा कोरडा असतो हो. भाकरीचा पापुद्रा, कांद्याचा पापुद्रा. दुधावर पापुद्रा धरला असं आमच्या घरात कुणी म्हणालं तर सगळे वळून बघतील. आणि पुडिंगवरचा थर साय नको म्हणून आपण काय करतो? गरम असतानाच त्याला चिकटून प्लॅस्टिकचा कागद लावतो. साय हा शब्द तिथं अगदी नेमका बसतो.

मराठीच
बरं. मग ‘पाय’चं काय? ‘पाय गार करून कापा’ हे वाक्य लिहिताना तुमचा हात थांबत नाही? मी कटाक्षानं ‘भरली पारी’ म्हणते. पारी मोदकाची, पारी करंजीची, मग ही भरली पारी. शब्द घरात तयार पडलेला आहे.

हुग्गी
पारी मिटते ना पण. मोदकाची पारी सारणाला पोटात घेते. पायची वरून उघडी, आणि सारण नसताना आधीच भाजून घेतलेली. आत हरभरे भरून भाजायची, म्हणजे तळ फुगत नाही, मग हरभरे काढून टाकायचे. अशी रिकामी पारी आपल्याकडं कुठंय? आणि पीठही वेगळं. करंजीला कडकडीत मोहन, याला फ्रीजमधलं थंड लोणी बोटांनी चोळायचं.

कोशप्रेमी
‘पै’ लिहावं. बारा पै म्हणजे एक आणा, एकशे ब्याण्णव पै म्हणजे एक रुपया, हे आमच्या वडिलांना तोंडपाठ होतं. नाणं गेलं, शब्द मोकळा झाला. ‘केळ्याची पै’ डोळ्यालाही खटकत नाही. शिवाय पैपाहुणा हा शब्द आहेच. पैपाहुण्यांसाठी पै केली, किती सहज बसतं.

नवीपेठ
पै केली म्हटल्यावर आमच्या मुलांना ना नाणं आठवणार ना पदार्थ. ती पाय म्हणतात आणि त्यांना बरोबर कळतं. कानाला सवय झाली की पाय खटकत नाही. गणितातला पाय खटकतो का कुणाला?

गोठाघर
माझी जुनी शंका. पुडिंग आणि पुरण एकच असावेत. दोन्ही ‘पु’, दोन्ही मऊ, दोन्ही गोड.

कोशप्रेमी
नाही. पुडिंगचा संबंध बहुतेक जण फ्रेंच ‘बुदँ’शी लावतात, म्हणजे आतड्यात सारण भरून शिजवलेला मांसाचा पदार्थ. इंग्लंडात रक्ताचं ‘काळं पुडिंग’ आजही खातात. गोडाशी त्याचं नातं नंतरचं.

गोठाघर
मग भरणं तर आलंच की! पुरण म्हणजे तरी काय, भरण्याची वस्तू. रक्ताचं नातं नसेल, शेजार तर आहे.

पूर्वभाग
पुरणाचे खरे नातेवाईक आपल्या गावातच आहेत. कानडीत हूरण म्हणतात. जुन्या कानडीतला ‘प’ पुढं ‘ह’ झाला. तेलुगूत दूध ‘पालु’, कानडीत ‘हालु’. तसंच आपली पोळी तिथं होळिगे. एका वाड्यात पुरणपोळी, दुसऱ्यात हूरणाची होळिगे, आणि पुरण वाटायला पाटा मात्र एकच.

रसायन
तसंच कस्टर्डचं. तो शब्द ‘क्रुस्ताद’वरून आला, म्हणजे कवच असलेला पदार्थ. क्रस्ट आणि कस्टर्ड एकाच घरचे. आधी पारीसकट सगळ्याला ते नाव होतं, नंतर पारी गळाली आणि नाव आतल्या सारणाला राहिलं.

मराठीच
म्हणजे त्यांच्याकडेच पारीचं नाव सारणाला गेलं. मग मी सगळ्या पदार्थाला भरली पारी म्हटलं तर बिघडलं कुठं?

हुग्गी
बिघडलं नाही ताई. पण गड्ड्यात माझ्या भाचीला ‘भरली पारी खाणार का’ विचारलं तर ती मोदकाची वाट बघत बसेल.

शेंगापोळी
सगळ्यांचे आभार. माझं क्रियापद अजून लटकलेलंच आहे. मला गोठाघर यांचं ‘धरू द्या’ मनापासून आवडलं होतं, पण ‘साय धरू देऊ नका’च्या शेजारी ‘पुडिंग धरू द्या’ लिहिलं तर घरून परत फोन येणार.

काल रात्री नवा कागद लिहून सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि ती ओळ पूर्ण खोडली. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘खालच्या कप्प्यात ठेवावे. चार तास हलवू नये.’

कोशप्रेमी
वाक्य उत्तम आहे. फक्त एक विचारतो. हलवू नये म्हणजे ढवळू नये, की कप्प्यातून जागचं उचलू नये?

शेंगापोळी
मीही तेच विचारलं. म्हणाल्या, ‘दोन्ही.’