सामू स्थिर म्हणजे सगळं ठीक, असं नाही

बायोगॅसच्या डायजेस्टरमधला (शेण कुजवून गॅस बनवणाऱ्या बंद टाकीतला) सामू, म्हणजे पीएच, सातच्या वर आहे म्हणजे तिथले जिवाणू खुशाल आहेत, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. शेणात कोंबडीखत मिसळत असाल तर अजिबातच नाही. त्यातला अमोनिया साठत चाललेलं आम्ल झाकून ठेवतो. आम्ही हे भोगलंय: सामू ७.८ वर स्थिर, आणि आठवडाभरात शेगडीची ज्योत मिणमिणती. तेव्हापासून आम्ही टायट्रेशन करतो, म्हणजे ठरावीक सामू येईपर्यंत किती आम्ल लागतं ते मोजतो. २० मिली गाळलेली स्लरी (टाकीतला पातळ काला), त्यात ०.१ नॉर्मल (पातळ) सल्फ्युरिक आम्ल, आधी सामू ५ पर्यंत, मग ४.४ पर्यंत. यावरून आम्ल आणि क्षारता (आम्ल पचवायची ताकद) यांचं गुणोत्तर निघतं. ते ०.४ च्या पुढे चढू लागलं की टाकीत घालायचं शेण-खत लगेच कमी करायचं, सामू हलायची वाट बघायची नाही.

शिवाय मिथेन (शेगडीत जळणारा वायू) बनवणारे मुळात जिवाणू नाहीत, ते आर्किया, म्हणजे सूक्ष्मजीवांचा वेगळाच गट. अमोनिया वाढला की ॲसिटेटवर (ॲसिटिक आम्लाच्या रूपावर) जगणारे मिथेनोथ्रिक्स नावाचे आर्किया आधी मागे पडतात आणि हायड्रोजन वापरणारे पुढे येतात. हे दुसरे तर एफ-४२० या सहघटकामुळे (पेशीतल्या विकरांना मदत करणाऱ्या रेणूमुळे) प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली (प्रकाश टाकल्यावर स्वतः चमकणारे पदार्थ दाखवणाऱ्या), ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात, रंग न लावता निळसर-हिरवे चमकतात. जवळच्या कृषी महाविद्यालयात असा सूक्ष्मदर्शक असेल तर हे आर्किया बघायला स्लरीचा नमुना जरूर न्या.