क्रूझच्या केबिनमध्ये हेअर ड्रायर चालतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही दारव्ह्याकडचे. आई-बाबा पहिल्यांदाच मुंबई-गोवा क्रूझवर चाललेत. आईचे केस कमरेपर्यंत, त्यात सायनसचा त्रास. केस ओले राहिले की डोकं धरलंच समजा. इथे अंगणातल्या उन्हात वाळतात, जहाजावर काय करणार? आगीच्या भीतीने इस्त्री नेऊ देत नाहीत, हे माहीत आहे. केबिनमध्ये ड्रायर असतो म्हणतात, पण बरेचदा कमी ताकदीचा. आमच्या १२०० वॅटच्या ड्रायरवर २२०-२४० व्होल्ट लिहिलंय. जहाजावर ११० व्होल्टचं सॉकेट असलं, तर त्यावर तो नीट तापणारच नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा, आपली पिन तिथे बसते का? तपासणीत ड्रायर काढून घेतात का? बाथरूममधल्या दाढीच्या मशीनसाठीच्या कमी ताकदीच्या सॉकेटला लावायचा नाही, एवढं आईला बजावून ठेवलंय.