सोसायटी ग्रुप: शिक्षकदिनाच्या सत्काराची यादी

मृण्मयी, बी-३०२: सत्काराची यादी आत्ता वाचली. माझ्या ओजसच्या वर्गाच्या बाईंचं नाव आहे, आनंदच आहे. वर्गात त्याच्या शेजारी बसणाऱ्या मदतनीस शोभाताईंचं कुठे आहे? गणपती बसायच्या आधी समितीला लिहून दिलं होतं. आणि आज सकाळी त्याच शोभाताईंना गेटवर परत रजिस्टरमध्ये सही करायला लावली, वर "मागच्या लिफ्टने जा". शाळेच्या व्हॅनमधून रोज येतात त्या. मागची लिफ्ट बंद आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

सचिव शिंदे: ताई नमस्कार. शिक्षकदिन यंदा गणपतीतच आल्यामुळे हा कार्यक्रम शिक्षकांचा ठेवला आहे. मदतनीस मावशींबद्दल सर्वांनाच आदर आहे.

मृण्मयी, बी-३०२: आदरसुद्धा मागच्याच लिफ्टने पाठवताय का?

रोहन, सी-६०३: 🔥🔥

सचिव शिंदे: लिफ्टचा माणूस शुक्रवारी येतोय.

देशमुख, ए-२०१: कुठल्या शुक्रवारी? जुलैपासून ऐकतोय.

खजिनदार पटवर्धन: सर्व सभासदांस नम्र विनंती. १४ फ्लॅटची गणपती वर्गणी अद्याप येणे आहे. शाल-श्रीफळ पाच जणांचेच धरले आहे. वर्गणी जमा झाल्यास पुढील विचार करता येईल.

निंबाळकर, ए-७०१: गैरसमज नसावा, माहितीसाठी विचारतो. मदतनीस नेमकं काय करतात? मुलाला धरून बसायचं, डबा भरवायचा, शू-शीला न्यायचं, एवढंच ना? चांगलंच काम आहे. पण आज त्या, उद्या व्हॅनचा ड्रायव्हर, परवा डबेवाल्या बाई. यादी संपायची कुठे?

मृण्मयी, बी-३०२: "एवढंच ना" हे एक दिवस करून बघा काका. मी आई आहे, मला नुसत्या रविवारीही जमत नाही.

आपटे काकू, सी-१०४: न्यू जर्सीला आमच्या नातवाच्या वर्गात अशा बाई आहेत. पॅराप्रोफेशनल म्हणतात. विशेष मुलांच्या शिक्षणाचा कायदा तिकडे १९७५ पासूनच आहे. एप्रिलमध्ये ह्या बायकांसाठी वेगळा दिवस असतो, मुलं हाताने कार्डं करून देतात. पगार मात्र तिकडेही रडकाच, असं मुलगी म्हणते. फोटो टाकते.

*आपटे काकूंनी ११ फोटो पाठवले*

रोहन, सी-६०३: काकू, हे हॅलोविनचे आहेत.

आपटे काकू, सी-१०४: असू दे. भोपळ्यात गोड दिसतोय ना?

खजिनदार पटवर्धन: फोटोंमुळे वरचा मेसेज गेला, पुन्हा टाकतो. सर्व सभासदांस नम्र विनंती. १४ फ्लॅटची गणपती वर्गणी अद्याप येणे आहे.

लेले काकू, सी-२०१: निंबाळकर साहेब, माहितीसाठी विचारलंत म्हणून माहिती देते. लांब आहे, चष्मा लावा. विशेष शाळेत नोकरी करून निवृत्त झालेय, तेव्हा ऐकीव सांगत नाही.
शर्टाचं बटण लावायला शिकवायचं आहे असं धरा. आधी मुलाच्या हातावर आपला हात ठेवून लावायचं. काही आठवड्यांनी फक्त मनगटाला धरायचं. मग कोपराला नुसता स्पर्श. मग बोट दाखवायचं. मग काहीच करायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं, आणि हे सगळ्यात अवघड, कारण मागे तीस जण डबे घेऊन उभे असतात आणि मदतनीसाचे हात शिवशिवत असतात. पटकन लावून टाकलं तर वर्ग खूश, मूल तिथल्या तिथे. बाई फळ्याशी असतात. हात कधी काढायचा हे मुलाच्या बाजूला बसलेली बाईच ठरवते. आणि मुलाला एकदा जमलं की तिने काय केलं ते कुणाला दिसतच नाही. म्हणून तुम्हाला वाटतं, धरून बसते.

लेले काकू, सी-२०१: अजून आहे. विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२ चा कायदा. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विशेष शिक्षकांचं प्रमाणही सांगितलं, प्राथमिकला १० मुलांमागे एक, पुढे १५ मागे एक. हे सगळं शिक्षकांचं, आणि ते हवंच. मी स्वतः त्यातली. पण एक शिक्षिका दहा मुलांच्या शेजारी एका वेळी बसते कशी, याचं उत्तर ज्या बायकांनी दिलं त्यांना माझ्या नोकरीत मे महिन्याचा पगार मिळालेला मी पाहिला नाही.

मृण्मयी, बी-३०२: 🙏 काकू.

निंबाळकर, ए-७०१: माहितीबद्दल आभार. टोन जरा सौम्य चालला असता.

लेले काकू, सी-२०१: हाच माझा सौम्य टोन.

देशमुख, ए-२०१: मी पाहिलेलं सांगतो. गेल्या पावसाळ्यात गेटपाशी व्हॅनमधल्या एका मुलाला फिट आली, आठवतंय? नाव लिहीत नाही. शोभाताईंनी त्याला तिथल्या तिथे कुशीवर वळवलं, ओढणीची घडी डोक्याखाली सारली आणि घड्याळ बघत बसल्या. मी म्हटलं, अहो घड्याळ काय बघताय, काहीतरी करा. त्या म्हणाल्या, "हेच करायचं असतं. पाच मिनिटांच्या वर गेली तर हॉस्पिटल, तुम्ही गाडी काढून ठेवा." तोपर्यंत आपल्यातलेच एक जण चप्पल हुंगवायला घेऊन आले होते. त्यांना एका हाताने थांबवलं.

रोहन, सी-६०३: चप्पल कुणाची होती काका? 😂

निंबाळकर, ए-७०१: पूर्वीपासूनची पद्धत आहे. चांगल्या हेतूने आणली होती.

अध्यक्ष गोखले: रोहन, पुरे.

रोहन, सी-६०३: कोल्हापुरी होती का एवढंच सांगा.

*हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे*

निंबाळकर, ए-७०१: डिलीट करायच्या आधी वाचला आहे, रोहन.

खजिनदार पटवर्धन: सहावी शाल घ्यायची असल्यास आजच सांगावे, लक्ष्मी रोडला संध्याकाळी जाणार आहे. १४ पैकी एकाने भरली. १३ बाकी.

कविता, बी-५०४: मी देते शालीचे पैसे. पण आरतीनंतर ढोल ठेवलाय ना? गेल्या वर्षी ओजस कानावर हात ठेवून जिन्यात बसला होता. सत्कार ढोलाच्या आधी घ्या किंवा ढोल तरी बाहेर रस्त्यावर.

देशमुख, ए-२०१: पुण्यात गणपतीत ढोल नको म्हणणं म्हणजे कमालच.

कविता, बी-५०४: नको म्हटलं नाही. आधी-नंतर म्हटलं. वाचा हो नीट.

अध्यक्ष गोखले: सर्वांना नमस्कार. दिवसभर बँकेत होतो. माझं मत असं. १) शोभाताईंचं नाव यादीत घ्यावं. २) सत्कार चार वाजता, ढोल सात वाजता. ३) गेटवर त्यांना रजिस्टर नाही. व्हॅनच्या वेळेला शाळेच्या माणसांची सही घ्यायची नाही, वॉचमनला मी सांगतो. ४) लिफ्ट ज्याला जी मिळेल ती. हरकत असल्यास आठपर्यंत कळवावी.

निंबाळकर, ए-७०१: सुरक्षेच्या दृष्टीने रजिस्टर हवंच, असं माझं स्पष्ट मत. बाकी हरकत नाही.

मृण्मयी, बी-३०२: गोखले काका, मनापासून आभार. आता अडचण सांगते. आत्ता शोभाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चार वाजता मी दुसऱ्या मुलाकडे असते, सुट्टी घेतली तर पैसे कापतात. आणि शाल घरात तीन आहेत, उन्हाळ्यात काय करू. त्यांना कागद हवाय. कुठल्या मुलांबरोबर, किती वर्षं, काय काय काम केलं, ते पालकांच्या सहीने लिहून. नवीन शाळेत गेल्या की "आधी काय केलंय" विचारतात आणि हातात काहीच नसतं.

सचिव शिंदे: सोसायटीच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला देता येणार नाही. ऑडिटला प्रश्न येईल.

मृण्मयी, बी-३०२: लेटरहेड मागितलंच नाही.

लेले काकू, सी-२०१: मजकूर मी लिहिते. नोंदणी क्रमांकासकट माझी सही खाली घालते. "सांभाळलं", "सेवा केली" असलं एक अक्षर त्यात येणार नाही. बटण, शौचाचं प्रशिक्षण, फिट, घंटा वाजायच्या मिनिटभर आधी मुलाला वर्गाबाहेर नेणं, सगळं नावानिशी. मृण्मयी, व्हॅनमधल्या बाकीच्या दोन्ही मुलांच्या आईंना घेऊन ये. देशमुख, तुम्ही फिटच्या वेळी पाहिलंत ते लिहून आणा. निंबाळकर साहेब, तुम्हीसुद्धा या.

निंबाळकर, ए-७०१: मी कशाला?

लेले काकू, सी-२०१: साक्षीदार आहात. चप्पल घरी ठेवून या.

अध्यक्ष गोखले: सत्कार मग रविवारी सकाळी आरतीनंतर घेऊ, त्या दिवशी त्यांना सुट्टी असेल तर. मृण्मयी, विचारून कळव.

मृण्मयी, बी-३०२: विचारते. कागद मात्र त्याआधी देऊ, कार्यक्रमासाठी अडवून नको.

खजिनदार पटवर्धन: म्हणजे शाल सहा की पाच? दुकानात उभा आहे.

कविता, बी-५०४: पाच. माझे पैसे झेरॉक्स आणि लॅमिनेशनला घ्या.

सचिव शिंदे: टँकर आला आहे. ए विंगसमोरची पांढरी गाडी कोणाची आहे, कृपया लगेच काढावी.