घोड्यासोबत पोर्ट्रेट छायाचित्रे : स्वतःची आणि घोड्याची तयारी कशी करावी?

नवा स्वार :
माझी घोडी गडद तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळीची असून तिचे वय तेरा-चौदा वर्षांचे आहे. पुढील महिन्यात तिच्यासोबत माझी काही पोर्ट्रेट छायाचित्रे काढून घ्यायची आहेत. छायाचित्रकारांना माणसांच्या छायाचित्रणाचा चांगला अनुभव आहे, परंतु घोड्यांसोबत त्यांनी आजवर काम केलेले नाही, त्यामुळे तयारीचा बराचसा भार माझ्यावरच आहे. घोडी स्वभावाने शांत आहे. मात्र अनोळखी माणूस अगदी समोर येऊन उभा राहिला की ती कान मागे पाडते आणि मान वर उचलते. तिला आंघोळ केव्हा घालावी, तोंडावरचे लांब केस कापावेत का, मोरकी (तोंडावर बांधायचे पट्टे, ज्यांना दोर लावतात) ठेवावी की लगाम घालावा आणि मी कोणत्या रंगाचे कपडे निवडावेत, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

खरारा :
शाम्पूची आंघोळ दोन-तीन दिवस आधी घालावी, त्याच सकाळी घालू नये. शाम्पूमुळे अंगावरचे नैसर्गिक तेल धुतले जाते आणि केस काही काळ रुक्ष दिसतात. त्यानंतर उरलेले डाग ओल्या कापडाने पुसले तरी पुरे. खरी चकाकी मात्र आंघोळीने नव्हे, तर रोजच्या खराऱ्याने येते. खरारा म्हणजे घासण्याचे साधनही. रबरी खरारा गोलाकार फिरवून मेलेले केस आणि धूळ वर आणावी, मग ताठ ब्रशने ती झटकावी आणि शेवटी मऊ ब्रशने केसांच्या दिशेने अंग पुसून घ्यावे, म्हणजे त्वचेतले तेल केसांवर सारखे पसरते. हे काम आजपासूनच सुरू करा. तसेच पुढील महिना तिच्या केस गळण्याचा तर नाही ना, हेही पाहून घ्या, कारण अर्धवट गळलेले केस कितीही घासले तरी ठिगळासारखेच दिसतात.

शेपटीचा गुंता आधी बोटांनी सोडवावा आणि कंगवा खालच्या टोकाकडून वर नेत जावा. चकाकी आणणारा फवारा खोगिराच्या जागी मारू नये. तिथे खोगीर निसटू लागते. खुरांना तेल अगदी शेवटी, कठीण जमिनीवर आल्यावर लावावे. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या आणि हिरवी लाळ पुसण्यासाठी एक ओला स्पंज शेवटपर्यंत हाताशी असू द्यावा.

तोंडावरचे लांब केस कापू नयेत. घोड्याला स्वतःच्या नाकाखालचे दिसत नाही. तिथला अंदाज तो या स्पर्शाच्या केसांनीच घेतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 1 जुलै 2021 पासून असे केस कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत मनाई केली आहे, मग छायाचित्रासाठी ते कापण्याचे काहीच कारण उरत नाही.

सावली :
मी छायाचित्रणाच्या बाजूने लिहितो. छायाचित्रकारांना 85 ते 200 मिलिमीटरच्या दरम्यानची लेन्स आणायला सांगा. रुंद कोनाच्या लेन्सने जवळून टिपले की घोड्याचे नाक अवाढव्य आणि धड किरकोळ दिसते. लांबची लेन्स वापरल्यास माणूसही आपोआप दूर उभा राहतो, जे तुमच्या घोडीला मानवेल.

भर दुपारचे ऊन टाळावे, कारण डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास उत्तम. दुसरा पर्याय तबेल्याच्या दाराचा आहे : दाराच्या किंचित आत उभे राहिल्यास बाहेरचा मऊ उजेड दोघांच्या चेहऱ्यांवर पडतो आणि मागे अंधार राहतो. मात्र गडद अंगाच्या घोडीला फार आत नेऊ नये, नाहीतर काळी आयाळ मागच्या अंधारात मिसळून जाते. चौकटीत गडद रंग जास्त असला की कॅमेरा आपण होऊन उजेड वाढवतो आणि तुमचा चेहरा फिकट पडतो, म्हणून उजेडाचे मोजमाप चेहऱ्यावरून घ्यायला त्यांना आठवणीने सांगा. तुमचा चेहरा आणि घोडीचा कॅमेऱ्याकडचा डोळा कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर असावेत, नाहीतर दोघांपैकी एक जण धूसर होतो.

कपडे एकरंगी घ्यावेत. तपकिरी आणि काळा तुमच्या घोडीत मिसळून जातील. मोतिया, फिकट निळा किंवा विटकरी रंग उठून दिसेल. पांढरे शुभ्र कापड नजर खेचते, शिवाय पहिल्याच क्षणी त्यावर लाळ लागते. बारीक चौकडीही टाळावी. मोरकीचे म्हणाल, तर ती काढूनच टाकावी, असे मला वाटते.

मोतद्दार :
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मोकळ्या जागेत, नव्या माणसांसमोर मोरकी काढण्याचा धोका कोणत्याही छायाचित्रासाठी पत्करू नये. चामड्याची, बारीक पट्ट्यांची आणि नीट बसणारी मोरकी चांगलीच दिसते. दोर नंतर संगणकावर पुसता येतो. लगाम घातल्यास काही घोडे त्याची तोंडातली कडी चावत राहतात आणि तोंडाला फेस येतो. दोर हाताला गुंडाळू नका आणि पाय चौकटीत येणार नसले तरी मजबूत बंद बूटच घाला.

घोडी मान उचलते, त्याचे कारण तिच्या डोळ्यांच्या जागेत आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने तिला भोवतालचे जवळजवळ सगळे दिसते, पण कपाळाच्या अगदी पुढचा थोडा भाग दिसत नाही. नेमक्या त्या जागी कोणी चेहऱ्यासमोर काळी वस्तू धरून उभा राहिला, तर तिने बुजणे स्वाभाविक आहे. छायाचित्रकारांनी खांद्याच्या बाजूने तिरके यावे आणि तिला कॅमेरा हुंगू द्यावा. शक्य असल्यास त्यांना आधी एकदा नुसती ओळख करून घ्यायला बोलवा. तुम्ही ठरवलेले कपडेही त्याच वेळी घालून पाहा. फडफडणारी ओढणी किंवा वाजणारा दागिना तिला खपतो का, ते आधीच कळेल.

घोड्याला दमवून आणा, असा सल्ला अनेक जण देतात. तो मला पटत नाही. दमलेला घोडा मान खाली टाकतो आणि एक मागचा पाय सैल सोडतो. घाम येणार नाही इतपत पंधरा-वीस मिनिटे चालवणे पुरेसे आहे. चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, नेहमीच्या वेळी द्यावी, कारण उपाशी घोड्याचे लक्ष गवतावरच असते. चित्रे काढताना मात्र हातातून खाऊ देऊ नये. त्यानंतर ती खिसेच हुंगत राहील.

कान टवकारण्यासाठी एका मदतनिसाने छायाचित्रकाराच्या मागे उभे राहून डब्यात दाणे खुळखुळवावेत किंवा मोबाइलवर खिंकाळी वाजवावी. हे उपाय दोन-तीन वेळाच चालतात, म्हणून सगळे तयार झाल्याशिवाय आवाज करू नये.

नवा स्वार :
सर्वांचे आभार. छायाचित्रकार फ्लॅश आणि परावर्तक (उजेड परतवणारा घडीचा पडदा) असे दोन्ही आणणार आहेत. ते वापरू द्यावेत का?

सावली :
फ्लॅश नको. घोड्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे समोरून मारलेल्या फ्लॅशने बुबुळ हिरवट चमकते.

मोतद्दार :
परावर्तक वापरता येईल, पण तो उघडताना फटकन आवाज होतो, म्हणून तो तिच्यापासून दूर उघडून मगच सावकाश जवळ आणावा. सोनेरी बाजू नको. तिचा हलणारा उजेड जमिनीवर पडला तरी काही घोडे उडी मारतात. घोडीला परावर्तक रुचला नाही, तर फिकट रंगाच्या भिंतीसमोर उभे राहा. भिंतीवरून परतणारा उजेड तेच काम करतो.