व्हॉइसओव्हर मोनोतच रेकॉर्ड करावा: बरोबर की नुसता हट्ट?

टाइमलाइनकर:
एक माणूस, एक माइक, एक आवाज. म्हणजे मोनो, एकच चॅनेल. मग तो डावा-उजवा असे दोन चॅनेल असलेल्या स्टिरिओ ट्रॅकवर घ्यायचा अट्टहास कशासाठी? रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी ट्रॅक मोनो करा, माइक ज्या इनपुटला लावलाय तेवढंच निवडा आणि मग बोला. माझ्याकडे एडिटला येणाऱ्या कितीतरी क्लिपांत मीटरची डावी पट्टी नाचत असते आणि उजवी ढिम्म. कारण साधं आहे. दोन इनपुटांच्या इंटरफेसमधलं (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) पहिलं इनपुट डावीकडे जातं, दुसरं उजवीकडे, आणि सॉफ्टवेअर दोन्ही मिळून स्टिरिओ समजतं. बोलणाऱ्याने लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकलेलं असतं, त्याच्या काही लक्षात येत नाही. उजव्या कानात एकच इअरबड घालून बघणाऱ्याला मात्र नुसतं पार्श्वसंगीत ऐकू येतं!

आधी_शूट:
केवढा गहजब! प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'फिल राइट विथ लेफ्ट' (डावीकडचा आवाज उजवीकडेही भरणारा) इफेक्ट टाकला की काम झालं. रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये जाऊन मोनो निवडायचं. रेकॉर्डिंगच्या वेळी डोक्यात स्क्रिप्ट असते, तिथे ट्रॅकचे प्रकार कुठे बघत बसू? आणि जागा वाचते म्हणाल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला मोनोचं एक मिनिट ८.६४ एमबी, स्टिरिओचं १७.२८. एवढ्यासाठी कोणाची डिस्क भरली?

टाइमलाइनकर:
जागेचं नाव मी काढलंच नव्हतं. ज्याच्या लक्षातच आलं नाही तो इफेक्ट टाकणार कधी? आणि लक्षात आलं तरी लोक उपाय भलतेच करतात. आवाज डावीकडून येतोय म्हणून पॅनची (आवाज डावी-उजवीकडे सरकवणारी) कळ उजवीकडे फिरवतात. स्टिरिओ ट्रॅकवर ती कळ बहुतेक ठिकाणी बॅलन्सचं काम करते, म्हणजे डावी बाजू हळू होत जाते आणि उजवीकडे मुळात काही नसतंच. शेवटी आवाज गायब. दुसरे महाभाग दोन्ही चॅनेलांची सरासरी काढून मोनो करतात. त्यात आवाज ६ डेसिबलने पडतो, आणि दुसऱ्या इनपुटचा गेन (सिग्नल वाढवणारी कळ) उघडा राहिला असेल तर त्याची खरखर फुकटात मिळते. त्यापेक्षा आधी दोन क्लिक केलेले काय वाईट?

दुसरा_चॅनेल:
असहमत. दोन चॅनेल घेणारे सगळेच अडाणी नसतात. मी एकाच माइकचा सिग्नल दोन्हीकडे घेतो, दुसऱ्याचा गेन १० डेसिबल कमी. निवेदक एखाद्या वाक्याला अचानक चढला आणि पहिला चॅनेल फाटला, तर दुसरा शाबूत असतो. मोनोच्या हट्टापायी हे सोडू का? शिवाय मोनो क्लिपवर थेट रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा इफेक्ट) टाकून बघा, दोन्ही बाजूंना पसरतच नाही.

टाइमलाइनकर:
अशा कमी गेनच्या सेफ्टी चॅनेलला माझा विरोध नाही, पण ते स्टिरिओ नव्हे, ते दोन मोनो आहेत. टाइमलाइनवर दोन वेगळे मोनो ट्रॅक करा आणि दुसरा म्यूट ठेवा. तसाच स्टिरिओ क्लिप म्हणून टाकलात तर निवेदक अख्खा व्हिडिओभर डाव्या बाजूला टेकून बोलत राहील. रिव्हर्बसाठी स्टिरिओ बस (इफेक्टसाठीचा वेगळा ट्रॅक) करून तिकडे सेंड, म्हणजे आवाजाची एक प्रत, द्या. मूळ आवाज मधे राहतो, रिव्हर्ब पसरतो.

पट्टीचा_श्रोता:
भांडणात एक गोष्ट राहतेय. रेकॉर्ड मोनो आणि एक्स्पोर्ट मोनो हे दोन वेगळे निर्णय आहेत. लाउडनेस मीटर (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजणारा) बीएस.१७७० या मानकाप्रमाणे चॅनेलांची ऊर्जा बेरजेत धरतो, त्यामुळे तोच आवाज दोन्ही चॅनेलांवर असला की आकडा ३ एलयूने (लाउडनेसचं एकक) जास्त येतो. म्हणूनच पॉडकास्टवाले स्टिरिओला उणे १६ आणि मोनोला उणे १९ एलयूएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या तुलनेत मोजलेला लाउडनेस) धरतात. मोनो फाइल मोजून 'आवाज कमी आला' म्हणत गेन चढवणारे पुष्कळ आहेत.

आधी_शूट:
म्हणजे रेकॉर्ड मोनो आणि एक्स्पोर्ट स्टिरिओ? मग हे धाग्यात पहिल्याच ओळीत लिहायला काय झालं होतं! अर्धी मारामारी वाचली असती. बरं, माझ्या रेकॉर्डरला दोन कॅप्सूलचा (आवाज टिपणाऱ्या दोन भागांचा) माइक आहे, तो उपजतच स्टिरिओ. त्याचं काय करू?

टाइमलाइनकर:
व्हिडिओ स्टिरिओतच एक्स्पोर्ट करायचा, त्यात वाद नाही. संगीत असतंच की. तुमच्या माइकचं म्हणाल तर निवेदनासाठी एकच कॅप्सूल ठेवा. दोन्ही ठेवल्या तर मान वळली की आवाजही सरकतो. आणि कॅप्सूलमध्ये अंतर असेल तर दोन्हींची बेरीज केल्यावर आवाज पोकळ होतो, कारण तो दोन्हीकडे एकाच क्षणी पोचत नाही आणि काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात. मोबाइलच्या एका स्पीकरवर ती बेरीज आपोआप होते, तिथे तुमचा फिल इफेक्टच उपयोगी पडेल.

आधी_शूट:
बघा, शेवटी माझ्याच इफेक्टवर आलात. मी ट्रॅकचे प्रकार बघत बसणार नाही. फार तर बोलायच्या आधी मीटरकडे एक नजर टाकीन.

दुसरा_चॅनेल:
हेडफोन घालूनच टाका ती नजर.