धागा : तुमची पहिली मोटर कधी फिरली?

मुलीच्या शाळेसाठी गेल्या रविवारी घरी मोटर करायला बसलो. दीड व्होल्टचा जाड सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरचं गोल चुंबक आणि इथल्या, इंदूरच्या जेल रोडवरून आणलेली वाइंडिंगची तार, म्हणजे वीज अडवणारं वार्निश चढवलेली तांब्याची तार. सेलभोवतीच दहा वेढे घेऊन कॉइल केली, दोन टोकं समोरासमोर काढली आणि दोन्ही चाकूने लख्ख खरवडली. पिनांवर ठेवली की ती एक झोका घ्यायची आणि गप्प व्हायची. दोन तास हेच. मग मुलीने नवी कॉइल केली. एक टोक पूर्ण खरवडलं, दुसऱ्याची फक्त वरची अर्धी बाजू. भिरभिरलीच! पण "अर्धंच का, बाबा?" याचं नीट उत्तर मला देता येईना. तुम्हाला ते कसं उमगलं, ते इथे लिहा.

रामबागहून, निवृत्त शिक्षिका
कॉइल उभी असताना तिला सर्वांत जास्त जोर मिळतो, चुंबकावर आडवी आली की शून्य. आडवी जागा ओलांडली की तोच जोर तिला मागे खेचतो. म्हणून पूर्ण खरवडलेली कॉइल डोलते आणि आडवी होऊन थांबते. अर्ध्या बाजूचं वार्निश राहू दिलं की मागे खेचणाऱ्या अर्ध्या फेरीत वीज तुटते आणि कॉइल आधीच्या वेगावर पुढे निघून जाते. मी वर्गात झोपाळ्याचं सांगायचे. तो आपल्याकडे येत असताना आपण ढकलत नाही, परत निघाला की हात लावतो.
एक मात्र सांभाळा. खरवडताना कॉइल टेबलाच्या कडेला उभीच धरायची. आडवी धरून वरची बाजू खरवडली तर वीज नको त्या वेळी मिळते. कितीतरी मुलांच्या मोटरी एवढ्यावरून अडलेल्या मी पाहिल्यात. आणि कॉइल थांबली की सेल लगेच काढा, तो चांगलाच तापतो.

भंवरकुआँ, बीएस्सीचा विद्यार्थी
आमची दोन्ही टोकं पूर्ण खरवडलेली कॉइल एकदा फिरून राहिली होती! मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं तर ती पिनांवर उसळत होती. उसळली की संपर्क तुटायचा. म्हणजे वार्निशचं काम उसळीनेच केलं. त्या दिवशी मला पक्कं कळलं की मोटरीत वीज देण्याइतकंच ती वेळेवर तोडणंही महत्त्वाचं.

सुदामा नगर
फॅरडेने 1821 मध्ये पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरवली, तिथे तोडातोड नव्हती. तिथला जोर तारेला सतत गोलच ढकलतो. सेलच्या बुडाला छोटं निओडिमियम चुंबक चिकटवून तांब्याची उघडी तार वाकवून ठेवा, तेच दिसेल. लहान मुलांना आधी हे दाखवावं असं माझं मत.

मल्हारगंज
आमच्या बाबांचं वाइंडिंगचं दुकान होतं. शाळेतून आले की मी तिथेच बसायचे. जळक्या वार्निशचा वास अजून नाकात आहे. एकदा मिक्सरचं आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, हातात देऊन ते म्हणाले, "या तांब्याच्या पट्ट्या मोज." त्या पट्ट्या म्हणजे कम्युटेटर. तुमची खरवडलेली अर्धी बाजू हे त्याचंच साधं रूप. तिथे कॉइल पुष्कळ असतात आणि पट्ट्यांना टेकलेले कार्बनचे तुकडे, म्हणजे ब्रश, त्यांना पाळीपाळीने वीज देतात. त्यात वीज नुसती तुटत नाही, कॉइलमध्ये उलटते, म्हणून दुसरी अर्धी फेरीही वाया जात नाही.
गिऱ्हाइकं म्हणायची, "चटणी अडकली आणि मोटर जळाली, असं कसं?" बाबा सांगायचे, फिरती मोटर स्वतःही वीज तयार करते आणि ती आत येणाऱ्या विजेला अडवते. फिरणं थांबलं की अडवणारं कोणी नाही, करंट बेसुमार वाढतो. मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असतं ना, ते त्यासाठीच. अकरावीत सरांनी हेच फळ्यावर लिहिलं तेव्हा मला ते आधीपासून येत होतं. बाबा आठवी शिकलेले. दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाइतकाच मी त्यांना मान देते.
अजून एक. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा पालटून परत येते, तरी मिक्सर एकाच दिशेने फिरतो. कारण त्यात कायमचं चुंबक नसतं. बाहेरचं चुंबकही कॉइलचंच असतं, म्हणून दोन्ही एकदमच उलटतात.

धागा काढणारा
मल्हारगंजच्या ताई, तुमचं शेवटचं मुलीला वाचून दाखवलं. तिने लगेच मोटर मांडली. सेल उलटा लावला, कॉइल उलट फिरली. मग सेल तसाच ठेवून चुंबकही पालथं केलं. पुन्हा पहिल्यासारखी! आता ती आजीचा मिक्सर खालून उघडून बघायचा म्हणतेय. प्लग काढून ठेवलाय.