अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत तीन चेंडूंचे जगलिंग : खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न
मी राजारामपुरीत खोली घेऊन राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करीत आहे. दुपारी दोन-अडीच तास सलग वाचल्यावर डोळे ओळींवरून फिरत राहतात, पण डोक्यात काही उतरत नाही. अशा वेळी मोबाइल हाती घेतला की दहा मिनिटांचा पाऊण तास कधी झाला, हे कळत नसे. म्हणून गेल्या पंधरवड्यापासून त्याऐवजी चेंडू झेलण्याचा सराव करतो. दोन चेंडू जमतात. तिसरा आला की गोंधळ उडतो, आणि टेनिसचा चेंडू फरशीवर आपटला की खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाईंची हाक येते. एकाग्रतेसाठी याचा काही आधार आहे का, आणि माझे नेमके कुठे चुकते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
टेनिसचा चेंडू आधी बाजूला ठेवा. जुन्या मोज्याच्या टोकात शंभरेक ग्रॅम शाळू भरून गच्च गाठ मारावी आणि उरलेला मोजा त्यावरच उलटवून घ्यावा. असा चेंडू पडला तरी जागच्या जागी बसतो. (राळे भरू नयेत. ते विणीतून गळतात आणि खोलीभर मुंग्या होतात.)

तुमची चूक बहुधा डाव्या हाताची असावी, कारण नवशिक्यांचा तो हात चेंडू वर फेकत नाही, नुसता उजव्या हातात सरकवतो. पहिला चेंडू डोळ्यांच्या उंचीला पोचून खाली वळू लागला, की दुसरा त्याच्या आतल्या बाजूने वर गेला पाहिजे. म्हणजे चेंडूंचा मार्ग इंग्रजी आठाचा आकडा आडवा केल्यासारखा होतो. नजर हातांवर नको, चेंडू जिथे वळतात तिथे हवी. घाई होते म्हणून उंच फेकण्याचा मोह टाळावा. हातापासून ६० सेंटीमीटर वर गेलेला चेंडू सुमारे ०.७ सेकंदात परत येतो. हा वेळ दुप्पट करायचा तर उंची चौपट करावी लागते, आणि मग चेंडू छताला लागतो. पलंगाकडे तोंड करून उभे राहिल्यास वाकण्याचे श्रमही वाचतात.

उत्तर २
आधाराविषयी थोडे सावधपणे लिहितो. जर्मनीतील रेगेन्सबर्ग येथील संशोधकांनी २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये असे दाखवले की, तीन महिने तीन चेंडूंचे जगलिंग शिकलेल्यांच्या मेंदूत, हलत्या वस्तू पाहण्याशी संबंधित भागातील करडे द्रव्य वाढले होते आणि सराव थांबवल्यावर ही वाढ पुन्हा ओसरली. यावरून राज्यघटनेची कलमे अधिक लक्षात राहतात असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल, जरी तसा अर्थ सर्रास काढला जातो. माझ्या मते फायदा साधा आहे : दोन्ही हात आणि डोळे गुंतल्यामुळे मोबाइल धरता येत नाही, चेंडू हवेत असताना दुसरा विचारही टिकत नाही, आणि वाचून आखडलेल्या मानेला जरा मोकळीक मिळते.

उत्तर ३
आमच्या आजी सागरगोटे खेळायच्या, ते आठवले. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे गोटे त्याच हाताने वेचायचे आणि वरचा झेलायचा. त्यात बोलायला गेलेली मुलगी हमखास बाद होत असे. दादा, एक विनंती : झेल मोजून वहीत लिहू नका. मी ‘आज पन्नास झालेच पाहिजेत’ असा हट्ट धरला होता, तेव्हा विश्रांतीचीच परीक्षा झाली आणि पुस्तकाकडे परतताना मी आधीपेक्षा जास्त चिडलेली असे. दहा मिनिटांचा गजर लावावा आणि तो वाजताच, हातात चेंडू असले तरी, थांबावे.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. शाळूचे चेंडू केले. चूक खरोखर डाव्या हाताचीच होती. आता सलग आठ-नऊ झेल होतात आणि खालून हाक येत नाही. ताई, वहीतली नोंद बंद केली आहे. हे पक्के झाल्यावर चौथा चेंडू घ्यावा का?

उत्तर १
परीक्षेपूर्वी नको. चार चेंडूंच्या नेहमीच्या पद्धतीत चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात जातच नाहीत. प्रत्येक हात आपापले दोन स्वतंत्रपणे खेळवतो. त्यामुळे तीनची सवय तिथे फारशी कामी येत नाही आणि प्रत्येक हाताला एकट्याने दोन चेंडू झेलायला नव्याने शिकवावे लागते. मला त्यासाठी अख्खा पावसाळा लागला.